एका पातेल्याला तीन गिऱ्हाइकं

किल्लीवाल्या मामाचा देवाशी व्यवहार सरळ होता. शनिवारी दुपारी प्रार्थनाघरात सगळे डोळे मिटून बसले, की तो एक डोळा अर्धवट उघडा ठेवून हजेरी घेई. कोण खरंच मागतंय, कोण नुसतंच उसासे टाकतंय, आणि गल्लीतला बस कंडक्टर आज कितव्या मिनिटाला पेंगायला लागला. नोंद पुरी झाली की दुसराही डोळा मिटून आपलं मागणं मांडी. ‘भाचीला एक मैत्रीण दे. एकच. दोन मागत नाही.’

भाची सोळा वर्षांची. किल्ली घासताना यंत्रातून उडते तशी, म्हणून तिला सगळे ठिणगी म्हणत. चार वर्षांची असताना तिचे आईबाप एकाच वर्षात गेले. त्यांच्याकडून तिला दोन गोष्टी आल्या होत्या, आईचं नाक आणि एचआयव्ही. नाकाबद्दल ती दिवसभर कुरकुर करी, दुसऱ्याबद्दल अवाक्षर नाही. रोज संध्याकाळी सातला एक गोळी घेतली की ते दुखणं गप्प पडून राही, तपासण्या चांगल्या येत. पण वर्गात कुणी जवळ आलं की हीच दोन पावलं मागे सरके.

“उद्या कळलं की पळतीलच ना? त्यापेक्षा मीच आधी पळते,” ती म्हणे. म्हणून तर मामा शनिवारी मागत असे.

प्रार्थनाघरातल्या अशीच गोळी घेणाऱ्या सात घरांची एक साखळी होती. कल्पना आक्काची. आक्का निवृत्त नर्स. देवावर तिचा पुरता विश्वास, माणसांच्या आठवणीवर अजिबात नाही. सातला गोळी घेतली की पुढच्या घराला मिस्ड कॉल द्यायचा, त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटची ठिणगी, तिचा कॉल आक्काला. गोळी पोटात गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं सगळ्यांनी प्रार्थनेत उभं राहून कबूल केलं होतं. साडेसातपर्यंत कॉल आला नाही, तर साखळी कुठे अडली ते विचारून आक्का त्या दारात माणूस पाठवी. घरात पाहुणा असला तर पंचाईत नको, म्हणून दारात आजाराचा विषय काढायचा नाही. फक्त विचारायचं, “मोठं पातेलं आहे का?”

आणि एका मंगळवारी मैत्रीण आली. जाड चष्म्याची, बोलघेवडी, भूमिती शिकायला. मामाने दुकान लवकर बंद केलं, एकच खुर्ची दोनदा पुसली आणि स्वयंपाकघरात एक बिघडलेलं कुलूप मांडीवर घेऊन बसला. कुलपापेक्षा त्याचं लक्ष बाहेरच्या हसण्याकडे जास्त.

सातला कंडक्टरचा मिस्ड कॉल आला. ठिणगीने फोन पालथा घातला. गोळ्यांचा डबा नेमका मैत्रिणीच्या डोक्यावरच्या फळीवर होता.

मामा खोकला.

“मामा, खोकू नकोस,” म्हणत ठिणगी पाण्याच्या निमित्ताने आत आली.

“गोळी?”

“ती गेल्यावर.”

“ती तर जेवायला थांबतेय.”

“मग आक्काला कॉल तू दे. तिला काय कळतंय?” फोन त्याच्या हातात कोंबून ती गेली.

मामा फोनकडे बघत बसला. एक बटण, एक रिंग, आणि भाचीची संध्याकाळ वाचणार होती. पण मालक समोर असल्याशिवाय त्याने आजवर कुणाचं कुलूप उघडलं नव्हतं. त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि साडेसात वाजू दिले.

थोड्याच वेळात दारात कंडक्टर, युनिफॉर्ममध्येच. “मोठं पातेलं आहे का?”

मामाने पातेलं दिलं आणि ‘निघ आता’ अशी खूण केली. कंडक्टर पातेलं बगलेत मारून गेला. लगेच इस्त्रीवाल्या वहिनी आल्या.

“भाऊजी, मोठं पातेलं...”

“आत्ताच कंडक्टरने नेलं.”

“त्याने? त्याला चहा तरी करता येतो का?”

त्यांच्या पाठोपाठ धापा टाकत खुद्द आक्का. कंडक्टर विसरेल म्हणून तिने वहिनींना पाठवलं होतं, आणि दोघंही विसरतील म्हणून स्वतः आली होती. “पातेलं...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मैत्रीण हसून हसून टेबलावर आडवी झाली. “काका, तुमच्या गल्लीत आज जेवणावळ आहे का?”

ठिणगीलाही हसू फुटलं. थांबेना. डोळे पुसत ती उठली आणि फळीवरचा डबा काढला.

“पातेलं कुणालाच नकोय गं. मी गोळी घेतली का, ते बघायला आलेत.”

“कसली गोळी?”

मामाच्या हातातलं कुलूप खाली पडलं.

“एचआयव्हीची. जन्मापासून आहे मला.”

मैत्रिणीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हणजे मी तुझ्या बाटलीतलं पाणी प्यायले, तेव्हा तू तोंड पाडलंस, ते यामुळे?”

“हो.”

“त्याने मला काही होतं का?”

“पाण्याने? काही होत नाही, बाळा,” आक्का म्हणाली. “आणि हिचं औषध नीट चालू आहे.”

“आणि मी महिनाभर समजत होते, ही कंजूष आहे!” मैत्रीण ठिणगीवरच उखडली. “सांगायचं ना! किती नावं ठेवली मी तुला मनात!”

“वर्गात कुणाला...”

“वर्गाला काय करायचंय? घे आधी ती, पावणेआठ झाले.”

ठिणगीने गोळी घेतली. मग आत जाऊन फोन आणला आणि नियमाप्रमाणे बटण दाबलं. दोन हातांवर आक्काच्या पिशवीत रिंग वाजली. आक्काने फोन काढला, लांब धरून नंबर वाचला, कट केला. “पोचला,” म्हणाली आणि मग कुठे खुर्चीवर बसली. मैत्रीण जेवूनच गेली, भूमिती तशीच राहिली.

शनिवारी ठिणगीच्या शेजारी मैत्रीणही येऊन बसली. सगळ्यांनी डोळे मिटले. मामाने हजेरी घेतली. कंडक्टर चौथ्या मिनिटाला पेंगला, दोन मुली एकमेकींना कोपरं मारत हसू दाबताहेत. मग त्याने दुसरा डोळा मिटला आणि अडला. मागायचं काय?

मैत्रीण तर मिळाली होती. एवढं छान आजवर वाटलं नव्हतं. शेवटी रिकाम्या हाताने उठणं बरं दिसेना, म्हणून तो हळूच पुटपुटला, “कंडक्टरला तेवढी पातेलं परत करायची आठवण दे.”