दादाची सही

बेबी घरी बसून शर्टांच्या कॉलर शिवायची. पंचेचाळिशी उलटली तरी लाडाचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. वडिलांची फुप्फुसं रंगाच्या कारखान्यात कामातून गेली होती आणि दोन वर्षं ते ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन विजेवर चालायचं, आणि घरात मीटर होता प्रीपेड. आधी पैसे भरायचे, मग वीज. शिल्लक संपली की मीटर कुणाची गय करायचा नाही.

एका दुपारी ती शिवलेला माल पोचवायला गेली. निघायच्या गडबडीत मीटर बघायचा राहून गेला. परतली तर पंखा थांबलेला, मशीन गप्प, आणि वडील पलंगाच्या कडेला वाकून बसलेले. ओठ निळे पडले होते. तिने मोबाइलवरून पैसे भरले. वीज यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती त्यांची पाठ चोळत राहिली आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मशीनपाशी शेजारणीला बसवून ती वीज कार्यालयात गेली. वापरा आणि महिन्याने बिल भरा, असा साधा मीटर हवा, असं तिने सांगितलं. खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं. मीटर बदलून मिळेल, म्हणाला, पण तो ज्याच्या नावावर आहे त्याची सही लागेल. मीटर दादाच्या नावावर होता. लग्न होऊन वेगळा होण्याआधी त्यानेच तो बसवून घेतला होता. नाव बदलता येईल का, असं तिने विचारलं. त्यालाही दादाचीच संमती लागणार होती, कारण आईच्या मृत्युपत्राप्रमाणे घर दोघा भावंडांचं झालं होतं.

तिने दादाला फोन केला. आज येतो, उद्या येतो करत त्याने तीन आठवडे काढले. या तीन आठवड्यांत ती पाच-पाच मिनिटांनी उठून मीटर बघायची. दोनदा सुई बोटात गेली. शेवटी एका रविवारी तो आला. वडील आत झोपले होते. त्याने अर्जाला हातही लावला नाही. पिशवीतून दुसरेच कागद काढले. तिने घरातला आपला हिस्सा सोडावा, असं त्यांत लिहिलं होतं.

"बिल थकलं तर नोटीस मला येणार," तो म्हणाला. "मग घरही माझ्याच नावावर असलेलं बरं. तुला काय मी बाहेर काढणार आहे?"

"दादा, बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणून तर म्हणतो, उरकून टाक."

तो चहा पिईपर्यंत ती कागदांकडे बघत बसली. मग तिने सही केली. नंतर नोंदणी कचेरीत जाऊन अंगठेही उमटवून आली. त्याच दिवशी, तिथेच, दादाने अर्जावर सही केली.

दहा दिवसांनी नवा मीटर बसला. वडिलांना इतकं बरं वाटलं की भेटायला येईल त्याला ते सांगू लागले, लेकाने धावपळ करून मीटर बदलून दिला, शेवटी रक्ताचं माणूसच कामी येतं. बेबी शिलाई मशीनवर मान खाली घालून ऐकायची. आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग एकदा शेजारीण उठून गेल्यावर ती म्हणाली,

"बाबा, त्या सहीसाठी त्याने माझा हिस्सा लिहून घेतला. घर आता त्याचं एकट्याचं आहे."

वडील मास्क बाजूला करून म्हणाले, "मुलाकडेच जायचं होतं ना गं ते. तू एकटी, तुला काय करायचंय घर घेऊन?"

तिने मास्क परत त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि स्वयंपाकघरात गेली. पुढेही औषध, जेवण, अंघोळ, कशातच तिने कसर ठेवली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने त्यांना बाबा म्हणून हाक मारली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.