उशिरा येणाऱ्यांची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. कराटेच्या वर्गात दाराशी माझी जागा आहे. उशिरा येणाऱ्याने माझ्यावर गुडघे टेकून, पाठ ताठ ठेवून बसायचे. सरांनी मान हलवली, की वाकून आत जायचे. उशिराचे कारण मात्र सांगायचे नाही. "कारणं घरी ठेवून यायची," असे सर म्हणत.

पूर्वी मी मोठ्या चटईचा भाग होते. ती झिजली, तेव्हा सरांनी धड राहिलेला तुकडा कापून घेतला आणि कडेला स्वतःच्या हाताने शिवण घातली. तेव्हापासून कितीतरी गुडघे मी ओळखते. निवृत्त झाल्यावर शिकायला आलेल्या, पिवळ्या पट्ट्याच्या आजोबांचे तर टेकण्याआधीच वाजतात.

सरांची मुलगी मोठ्या मुलांना शिकवायची. तिचे घर वेगळे होते. वर्गात तीही त्यांना सरच म्हणायची आणि नियम तिलाही तेच होते.

त्या मंगळवारी वर्गाआधी सर माझ्यावर टेकले. एरवी ते कधी बसत नसत. त्यांचा तळहात घामाने ओला होता. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मुले येताच ते उठले आणि सगळ्यांची नखे तपासू लागले. मला बोलता येत नाही, हे त्या दिवशी फार जड गेले.

मुलगी वीस मिनिटे उशिरा आली. तिच्या मुठीत एक चिठ्ठी होती. सरांनी तिला पाहिले, पण मान हलवली नाही. ते लाथांचे आकडे मोठ्याने म्हणत होते. आवाज मध्येच तुटायचा, आणि दर वेळी तिचे गुडघे माझ्यात रुतायचे. बराच वेळ गेला. शेवटी ती उठली आणि न वाकताच निघून गेली.

"ताई गेल्या की," आजोबा म्हणाले.

"येईल. राग नाकावर असतो तिच्या."

वर्ग संपल्यावर मला उचलायला सर स्वतः वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तीन आठवडे मी कोपऱ्यात गुंडाळलेली होते. मग वर्ग पुन्हा भरला. सरांची मुलगी सगळ्यांच्या आधी आली. मला झटकून दाराशी अंथरले आणि माझ्यावरच बसली. मुले येऊन रांगेत उभी राहिली. मान हलवायला समोर कोणीच नव्हते. मुले कावरीबावरी झाली.

"ताई, या ना आत. मुलं थांबलीत," आजोबा हळूच म्हणाले. ती हलली नाही.

मित्रांनो, माझी शिवण उसवली तर शिवा, नाही शिवली तरी चालेल. पण दाराशी कोणी ताटकळत असेल, तर त्याला एकदा कारण विचारा.

तिने ती चुरगळलेली चिठ्ठी माझ्यावर ठेवली.

"बाबा," ती म्हणाली. या खोलीत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "त्या मंगळवारी मी डॉक्टरांकडे गेले होते, तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळाली होती. रागाच्या भरात मी फोनसुद्धा केला नाही. चुकलं माझं. आत येऊ?"