सायीच्या रंगाची गल्ली

आमच्या रंगाच्या दुकानात एक उंच लाकडी स्टूल आहे आणि त्यावर गेली चाळीस वर्षं माझा मोठा भाऊ बसतो. समोर पांढऱ्या रंगाचा उघडा डबा, शेजारी गडद रंगांच्या बारा बाटल्या, हातात काठी. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "भिंत अशी पाहिजे की सकाळी उठल्यावर बरं वाटलं पाहिजे." दुसऱ्या कुणी हात जोडले असते. दादा मात्र दोन-चार प्रश्न विचारतो. खिडकी कुठल्या बाजूला, घरात म्हातारं माणूस आहे का, खोलीत झोपतं कोण. मग त्याचा हात बाटल्यांकडे जातो. पांढऱ्यात थेंब पडतात, काठी फिरते, पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक फटकारा, पट्टी पंख्यासमोर धरून वाळवायची, निरखायची, आणि म्हणायचं, "अजून एक थेंब." या एका वाक्यापायी सगळी गल्ली त्याला थेंबदादा म्हणते. मी काउंटरवर बसते आणि त्याच्या वाटणीचंही बोलते. मला काय म्हणतात ते मी कधी विचारलेलं नाही.

दादाचं नाव झालं ते सायीच्या रंगावर. दुधावर साय धरते ना, तो रंग. पांढराही नाही, पिवळाही नाही. त्यासाठी त्याला नमुना लागायचा नाही, वही लागायची नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांना तोच रंग होता आणि उरलेली निम्मी घरं पैसे साठवत होती.

मग गेल्या वर्षी डबे परत यायला लागले.

पहिला आला लॉजवाला. तीन डबे काउंटरवर आदळून म्हणाला, "ही साय? पाणी घातलेलं दूध आहे हे, आणि तेसुद्धा निळं!" दादानं पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि शांतपणे म्हणाला, "सायच आहे." मी त्याची बाजू इतक्या जोरात घेतली की लॉजवाला डबे तिथेच टाकून चालता झाला. त्या महिन्यात आणखी दोघे आले. तेव्हा माझा आवाज जरा खाली आला.

दादा आता एकेका डब्याला अर्धा दिवस लावू लागला. काठी फिरवताना तो काहीतरी गुणगुणायचा, ते बंद झालं. "कंपनी हल्ली पांढरा रंगच पिवळट पाठवते," असं तो सारखं म्हणायचा. मी कंपनीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी नवे डबे पाठवले. दादा म्हणाला, "हेही पिवळटच."

मला रात्रंदिवस एकच धास्ती होती. दुकानाचं काय, उद्या खिळे-पाने विकू. पण दादा त्या स्टुलावरून उतरला तर तो घरी बसून करणार काय? त्याला दुसरं काही येत नाही आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

अशातच एके दिवशी दादा जेवायला गेला असताना तो विक्रेता आला. टायवर छोट्या छोट्या होड्या, हातात चकचकीत माहितीपत्रक. कपाटाएवढं मशीन, सोळा तोट्या, पुढे पडदा. गिऱ्हाइकानं पडद्यावर बोट ठेवायचं की डबा भरून, हलवून बाहेर. पाच वर्षांचा करार, आणि रंग फक्त त्यांच्याचकडून घ्यायचे.

"मावशी, माणसाची गरजच उरणार नाही," तो आनंदानं म्हणाला.

"कुठल्या माणसाची?" मी विचारलं. त्यानं नकळत रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खोटं कशाला बोलू, कागद मी ठेवून घेतले. पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात त्यानं, मासा गळाला लागावा म्हणून असेल, मुठीत मावेल असं एक छोटं यंत्र काउंटरवर ठेवलं. भिंतीला टेकवून बटण दाबायचं, की त्या रंगात काय काय किती आहे ते आकड्यांत दिसतं. "दोन-तीन महिने वापरून बघा, मग मोठं घ्यालच," असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते यंत्र पदराखाली धरून बाहेर पडले, जणू कुणाची कोंबडी चोरलीय.

त्या वेळी आमची गल्ली झोपलेली असते. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एखाद्या खिडकीतून पंख्याची घरघर, वाळत घातलेले कपडे हलतात तेवढीच हालचाल. मी चांभाराच्या भिंतीला यंत्र टेकवलं. मग औषधाच्या दुकानाच्या. मग चष्मेवाल्याच्या, शिंपीणकाकूच्या, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या. कुठलं घर कधी रंगवलं ते मला तोंडपाठ आहे. पाच वर्षांपूर्वीची भिंत म्हणजे अस्सल साय. चार वर्षांपूर्वीच्या भिंतीत पिवळा किंचित कमी. तीन, दोन, एक. दर वर्षी पिवळा उतरत गेला होता आणि निळा चढत गेला होता, इतक्या हळू की रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागू नये. मी मान वर केली. एका टोकाला गल्ली सायीच्या रंगाची होती, आणि पुढे पुढे ती निळसर होत गेली होती. शेवटच्या वळणावर तर मला पाण्याखाली उभं असल्यासारखं वाटलं. पाय उचलताना ते जड लागतील असंही वाटलं. इतकी वर्षं मी इथून भाजी आणत होते आणि मला एक निळी भिंत दिसली नव्हती. थेंबदादानं केलाय म्हणजे तो सायीचाच रंग, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी न्हाव्याच्या पायरीवर बसले. एक गोष्ट आठवत होती. कुणी रंगाचा तुकडा घेऊन आलं आणि "अस्साच द्या" म्हणालं, तर दादाचा रंग आजही तंतोतंत जुळायचा. बिघडत होता तो फक्त मनातून केलेला रंग. मग पांढरा डबा आठवला, जो माझ्या दृष्टीनं पांढरा होता आणि त्याच्या दृष्टीनं पिवळट. हात तोच होता, बाटल्याही त्याच. मला एकदम कळलं आणि मी मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले.

मोठं मशीन कशासाठी घेणार होते मी? दादाचे डोळे दाखवायचे सोडून दादाच काढून टाकणार होते. आपल्याला नक्की काय होतंय ते न बघता कुणी पहिलं दिसलेलं औषध गिळावं, तसला प्रकार. मला माझीच लाज वाटली.

सांगायचं कसं, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग नेहमीप्रमाणे अगदी वाईट पद्धतीनं सांगितलं. दादानं नुकत्याच केलेल्या पट्टीला मी यंत्र लावलं आणि आकडे त्याच्या नाकासमोर धरले.

त्यानं आकडे बोट ठेवून एकेक करत वाचले. "म्हणजे हे खरं आणि मी खोटा."

"ते बिचारं काही म्हणत नाही. मी म्हणतेय. डोळे दाखव."

"चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षं वापरलेस म्हणूनच दाखव!"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षानुवर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय. मेंदू सवय करून घेतो, म्हणून समजत नाही." आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, डाव्याचं दोन महिन्यांनी.

डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी आम्ही रमतगमत घरी येत होतो. गल्लीच्या तोंडाशी दादा थांबला. त्यानं उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि चार पावलं चालला. मग डाव्यावर ठेवला, चार पावलं चालला. असा तो सगळी गल्ली चालला, एका डोळ्यानं एका गल्लीतून आणि दुसऱ्या डोळ्यानं दुसऱ्याच. मी मागून पिशवी घेऊन जात होते. लोक खिडकीतून "काय थेंबदादा, दिसतंय का?" विचारत होते आणि तो हात बदलत पुढे जात होता. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, "हे सगळं मी केलं?"

त्यानंतर तो चार दिवस दुकानात आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि स्टुलावर न बसता माझ्यासमोर उभा राहिला.

"ते मोठं मशीन घेऊन टाक. मी बाहेर बाकावर बसत जाईन. मला आता माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी इतकी बोलणारी बाई, पण पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसायला लागले. त्याच दुपारी विक्रेत्याचा फोन आला की उद्या सही घ्यायला येतो. मी "या" म्हणाले. काय म्हणणार होते?

आणि संध्याकाळी बालवाडीच्या बाई आल्या. मुलांच्या झोपायच्या खोलीसाठी दादानं दोन वर्षांपूर्वी रंग करून दिला होता. आता त्यांना दुसरी खोली तशीच हवी होती.

दादा बाकावरून उठला. "बाई, तो रंग चुकलाय. मी पहिलीही फुकट बदलून देतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "पूर्वी मुलं दुपारी माझा जीव खायची. हा रंग दिल्यापासून आडवी पडतात, भिंतीकडे बघत राहतात आणि झोपतात. तो रंगच हवा. येऊन तरी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. चपला बाहेर काढल्या. आत वीसेक मुलं सतरंजीवर झोपली होती, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. पडद्यातून ऊन गाळून आत येत होतं आणि भिंती त्या उजेडाला आपल्यात मुरवून घेत होत्या. कसला रंग होता तो! निळा म्हणायला जावं तर नाही, पांढरा म्हणावं तर नाही. पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा लागतो, त्या मधल्या वेळेचा रंग. आवाज करायची भीती वाटली. मलाही आडवं व्हावंसं वाटलं.

दादानं दुकानातून दोन डबे नि चार बाटल्या आणल्या होत्या. पडवीत बसून त्यानं नव्या डोळ्यानं रंग करायला घेतला. पहिली पट्टी भिंतीला लावली, नाही. दुसरी, नाही. तिसरी जवळपास होती, पण शेजारी धरल्यावर खुळचट दिसत होती. नव्या डोळ्याला एक दिसत होतं, जुन्याला दुसरंच, आणि हात सारखा सायीकडे वळत होता. चौथीनंतर त्यानं काठी खाली ठेवली आणि कुजबुजला, "जमत नाही गं. हा करणारा माणूस आता राहिला नाही."

मग त्यानं माझ्यासमोर हात पसरला. मला कळेना काय हवंय.

"ते यंत्र दे."

झोपलेल्या मुलांमधून पाय टाकत तो भिंतीपाशी गेला, यंत्र टेकवलं आणि बटण स्वतः दाबलं. आकडे त्यानं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं उतरवून घेतले, दोनदा ताडून पाहिले. बाहेर येऊन त्या मापानं थेंब टाकले, काठी फिरवली, पट्टी वाळवली. ती भिंतीवर ठेवली आणि पट्टी दिसेनाशी झाली.

"बघ," तो म्हणाला, "जे एकदा होऊन गेलंय ते याला बरोबर कळतं." पडवीत परत येत म्हणाला, "बाईंची दुसरी खोली उत्तरेला आहे. तिथे हाच रंग थंड वाटेल. ते मात्र याला कुणी सांगितलेलं नाही." आणि बाटलीकडे हात नेला.

दुकानात विक्रेता वाट बघत बसला होता. मी कागद सही न करताच त्याच्या हातात दिले. छोट्या यंत्राची किंमत विचारली. तो म्हणाला, "पण मावशी, मोठ्यात तर..." मी म्हणाले, "बाळा, आमच्याकडे एक मोठा आहे."

दुसरी खोली पुरी व्हायला आठवडा लागला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, चल, बाईंकडे जाऊन येऊ. मुलं निजली होती. तो पहिल्या खोलीत दाराशी खाली बसला, भिंतीला पाठ टेकून, आणि उजवा डोळा हातानं झाकून खूप वेळ समोर बघत राहिला. मी शेजारी बसले. शेवटी मला राहवेना.

"काय बघतोयस एवढं?"

"उद्या हा डोळाही साफ होणार," तो हळू म्हणाला. "म्हणून शेवटचं बघून घेतोय. या डोळ्याला अजून ही भिंत सायीची दिसते. अगदी पहिल्यासारखी, एक थेंब इकडचा तिकडे नाही." "मी सायच केली होती गं."

"सायच होती," मी म्हणाले.