खिंडीत वाजलेली घंटी

दचकू नका. बेसा गावात, मनकर्णाच्या गोठ्यातल्या खुंटीला लटकलेली पितळेची घंटी बोलतेय मी. माझा आवाज गोड होता असं लोक म्हणतात. त्या आवाजाची मला स्वतःलाच किती भीती वाटायची, ते आज सांगते.

नागपूरच्या इतवारीत एका ओतारी कारागिराच्या भट्टीत माझा जन्म झाला. मनकर्णाचे वडील रुपराव यांनी मला आपल्या बैलासाठी घेतलं. पण अठराशे सत्त्याण्णवच्या दुष्काळात चारा संपला आणि बैल दगावला. रुपराव कामठीच्या छावणीत गेले आणि पलटणीची खेचरं हाकायला भरती झाले. निघताना त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईनं, मला गाठोड्यात घातलं.

"घरची एक वस्तू सोबत राहू द्या जी," ती म्हणाली.

आगगाडीनं आम्ही दूर वायव्य सरहद्दीवर पोचलो. तिथल्या डोंगरांत आफ्रिदी पठाणांशी इंग्रज सरकारची लढाई पेटली होती. रुपरावांनी मला भुरी नावाच्या खेचराच्या गळ्यात बांधलं. भुरी रांगेत सगळ्यांच्या पुढे चालायची, त्यामुळे पलटणीतला प्रत्येक शिपाई माझा आवाज ओळखू लागला. धुळीत कोणी मागे पडलं, तर माझ्या रोखानं यायचं. मी तेव्हा मोठ्या ऐटीत होते.

मग बर्फ पडायचे दिवस आले आणि मागे फिरण्याचा हुकूम सुटला.

वाट एका अरुंद खिंडीतून, गार ओढ्याकाठानं उतरत होती. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर पठाण होते. सगळं सैन्य पुढे सरकेपर्यंत थोड्या शिपायांनी मागच्या टेकडीवर थांबून शत्रूला रोखायचं आणि मग धावत खाली यायचं, अशी रीत होती. शेवटी उतरणारे सगळेच पोचत नसत.

घंट्या बंद करायला सांगितलं. रुपरावांनी माझ्या पोटात वाळलं गवत कोंबलं आणि वरून चिंधी बांधली. तरी दर पावलाला माझा लोलक हलू बघायचा आणि मी धसकून जायचे. एकदा जरी वाजले, तरी वरून गोळी येईल. रुपराव भुरीच्या मानेवर हात ठेवून चालायचे. वाटेत दहादा माझी चिंधी चाचपून बघायचे.

एका सकाळी खिंडीत दाट धुकं उतरलं. भुरीच्या पाठीवर, मांडीत गोळी लागलेला एक शीख हवालदार होता. त्याचे शिपाई मागच्या टेकडीवर शत्रूला रोखून धरत होते. सोबत कामठीचे नत्थूजी होते, तेही खेचरंच हाकायचे. आम्ही एका फाट्याशी आलो. उजवीकडची वाट आपल्या सैन्याकडे जात होती, डावीकडची पठाणांच्या घळीत. टेकडीवरचा गोळीबार थांबला. शिपाई उतरू लागले होते.

तेवढ्यात घळीतून हाक आली, "इधर आओ, भाई, इधर."

हवालदार ताठ झाला. "ये हमारा आदमी नहीं," तो पुटपुटला.

पठाण हिंदुस्थानीत हाका मारून शिपायांना घळीत ओढत होते. आता आपल्यापैकी कोणी ओरडून खरी वाट सांगितली असती, तरी त्यावर कोण भरवसा ठेवणार?

रुपराव थांबले.

"चाल ना गा, काहून थांबून राहिला?" नत्थूजी दबक्या आवाजात म्हणाले.

"त्यायले वाट कशी समजन?" रुपरावांनी माझ्यावर हात ठेवला. "हे घंटी त्यायच्या वळखीची आहे."

नत्थूजींचा चेहरा उतरला. "वाजवली का तू मेलाच समज."

"म्हून तं तू भुरीले घेऊन जाय. हवालदाराले पोचव. मी येतो मांगून."

रुपरावांनी मला भुरीच्या गळ्यातून सोडलं. नत्थूजी हवालदाराला घेऊन धुक्यात दिसेनासे झाले. रुपराव मला घेऊन उजव्या वाटेवरच्या एका खडकाआड बसले आणि माझ्यातलं गवत उपसू लागले. नको, असं मला सांगायचं होतं. पण माझा आवाज दुसऱ्याच्या हातात असतो.

पहिला ठोका खिंडभर घुमला. लगेच गोळी आली. दगडाचा टवका उडून रुपरावांच्या गालात घुसला. "मारोती, मारोती," ते पुटपुटत राहिले, पण हात थांबला नाही. दुसरी गोळी माझ्या काठाला चाटून गेली. ती चीर अजून आहे.

मग धावती पावलं ऐकू आली. आपली की त्यांची, कळेना. रुपरावांनी डोळे मिटून घेतले आणि मला वाजवत राहिले. धुक्यातून एक फेटा दिसला. मग दोघं, मग आणखी तिघं आले.

"एक पीछे रह गया," त्यांच्यातला एक धापा टाकत म्हणाला.

रुपराव वाजवत राहिले. गोळ्या जवळ जवळ पडू लागल्या. शेवटी त्या शिपायानं मला हिसकावून घेतलं आणि माझा लोलक मुठीत आवळला. "बस. अब चलो."

थोडं खाली उतरलो असू, तेव्हा मागून आवाज आला, "घंटी बजाओ. घंटी किधर है?"

सगळे जागच्या जागी थिजले. तो मागे राहिलेला सोबती होता, की माझा उपयोग ओळखलेला एखादा पठाण? कोणालाच ठरवता येईना. रुपरावांनी माझ्यासाठी हात पुढे केला. शिपायानं मूठ सोडली नाही. आवाज पुन्हा एकदा आला. मग आला नाही.

रुपराव जिवंत घरी परतले. घरात पुन्हा बैल आला, तेव्हा गोपिकाबाईनं मला त्याच्यासाठी काढलं. रुपरावांनी मला ओढून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं. कोणाची बैलबंडी घंटी वाजवत गेली, की ते दारात येऊन विचारायचे, "सारे आले का?" पौषात धुकं पडलं, की अंगणाबाहेर पाऊल टाकत नसत.

वर्षं गेली. एका हिवाळ्यात गोपिकाबाईनं त्यांच्याकडून खिंडीतलं सगळं वदवून घेतलं, अगदी त्या शेवटच्या हाकेपर्यंत. दुसऱ्या सकाळी धुकं होतं. तिनं मला फडक्यातून सोडलं, नवऱ्याचा हात धरला आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेलं.

"वाजवा," ती म्हणाली.

"मले भेव लागते वं."

"मले बी लागून राहिलं. वाजवा जी."

रुपरावांनी मला वाजवलं. गोळी येईल म्हणून आम्ही दोघंही आकसलो होतो. ती आली नाही. मग ते वाजवतच राहिले, हात दुखेपर्यंत. थांबल्यावर तिघांनी कान दिला. लांब एक टिटवी ओरडली, बाकी काही नाही.

"नाही आला वं तो," रुपराव म्हणाले आणि धुऱ्यावरच बसून रडले.

गोपिकाबाई त्यांच्याजवळ बसली. "नाही आला. पण तुम्ही बलावलं ना जी."

आता ती दोघंही नाहीत. पौषात धुकं दाटलं, की मनकर्णा धुऱ्यावर जाऊन मला वाजवते. माझा आवाज चिरका झालाय आणि भीतीही पुरती गेलेली नाही. तुम्ही कधी त्या बाजूनं चाललात आणि मी ऐकू आले, तर घटकाभर थांबा. कोणी ओ देतंय का, तेवढं माझ्यासाठी ऐका.