रिकाम्या खुर्चीची वकिली

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी आमच्या मंडळात 'वकिली' असायची. 'केस्ट्रेल' ही अंतराळयानाची मालिका टीव्हीवरून बंद होऊन सोळा वर्षं झाली होती, तरी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी या मासेमारी बंदरातले आम्ही चौदा जण तिच्या एकसष्ट भागांवरून अजून भांडत होतो. वर्षाच्या मतदानात जो भाग सर्वांत वाईट ठरेल त्याची बाजू कुणीतरी एकाने उभं राहून मांडायची आणि बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टर उडवायची, हा वकिलीचा नियम. मी मंडळाची चिटणीस. म्हणजे वृत्तान्त लिहिणारी, चहा करणारी आणि भांडण हातघाईवर आलं की मध्ये पडणारी.

खरं तर मतदान हा उपचारच होता. सलग नऊ वर्षं एकच भाग शेवटी यायचा : 'रिकामी खुर्ची'.

त्या भागात काहीच घडत नाही. कॅप्टन रेनिक एका पांढऱ्या खोलीत बसलेला असतो. त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची. कुणीतरी त्याची उलटतपासणी घेतंय, पण प्रश्न आपल्याला ऐकू येत नाहीत. फक्त शांतता, मग कॅप्टनचं उत्तर, पुन्हा शांतता. संगीत नाही, दुसरं माणूस नाही, पंचवीस मिनिटं हेच. १९६८ साली हा भाग लागला तेव्हा माझ्या वडिलांनी आवाज गेला समजून टीव्हीला दोन चापट्या मारल्या होत्या.

१९८६ सालच्या वकिलीसाठी एल्सी पिकरिंग यांनी आपणहून नाव दिलं. बाई सत्तरीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, मंडळात नव्या. आदल्या वर्षभरात बैठकीत त्या जेमतेम चार वाक्यं बोलल्या असतील.

"एल्सीबाई, अजून वेळ गेलेली नाही," नॉरिस ब्लेंकिन म्हणाला. "डोकं दुखतं म्हणून सांगा. आम्ही समजून घेऊ."

नॉरिस म्हणजे या भागाचा हाडवैरी. पन्नाशीचा, गोदीवरच्या एका मासेमारी कंपनीत कारकून, आवाज भोंग्यासारखा. दाराशी बसून पोर्क पाय नावाची मांसाची कचोरी खात खात तो दर बैठकीत कुणाची ना कुणाची पिसं काढायचा.

"डोकं तुझं दुखणार आहे," एल्सीबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

दुपारचे अडीच वाजले होते. खलाशांच्या क्लबाच्या वरच्या मजल्यावरची आमची खोली. बाहेर समुद्रावरून धुकं आलेलं, त्यामुळे समोरची मासळीबाजाराची छपरंसुद्धा दिसत नव्हती. लायोनेल औषधवाल्याने आपला व्हिडिओ प्लेअर आणून टीव्हीला जोडला. या भागाची प्रत त्याला ऑस्ट्रेलियातल्या एका चाहत्याने पाठवली होती.

पहिल्यांदा आरोप. नॉरिस उभा राहिला. "एक, गोष्ट नाही. दोन, दार लागतं तेव्हा अख्खी भिंत हलते, चौथ्या मिनिटाला बघा. तीन, कॅप्टनच्या चंदेरी पोशाखाला गुडघ्याशी ठिगळ आहे. चार, लेखक आजारी पडला असणार आणि त्यांनी त्याच्या औषधाच्या चिठ्ठीवरून भाग काढला."

एल्सीबाईंनी चष्मा पुसला, वही उघडली. "भिंत हलते, मान्य. ठिगळही मान्य. पण गोष्ट आहे. मी एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. पुष्कळदा एकाच बाजूचा आवाज स्पष्ट यायचा. तेवढ्यावरून दुसऱ्या टोकाला कोण आहे, रडतंय की खोटं बोलतंय, ते कळायचं. इथल्या शांतता मी घड्याळ लावून मोजल्या. एकही दुसरीइतकी नाही. चार सेकंद, सात, बारा. कुणाला नुसता वेळ काढायचा असता तर त्यानं सगळ्या सारख्या ठेवल्या असत्या. त्या जागी प्रश्न आहेत. ते आपण विचारायचेत."

"म्हणजे टीव्हीशी बोलायचं?" लायोनेल म्हणाला.

"तू फुटबॉल बघताना बोलतोसच की."

त्यांनी टेप लावायला सांगितली. खोलीतले पडदे ओढले. त्या वहीतले प्रश्न वाचत गेल्या, साध्या, कामकाजी आवाजात, आणि कॅप्टन रेनिक त्यांना उत्तरं देऊ लागला.

"कधी सोडून गेलात मला?"

"गुरुवारी," पडद्यावरचा कॅप्टन म्हणाला.

"परत का आला नाहीत?"

"ते आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"आणि बाकीचे?"

"सतरा जण. झोपलेत सगळे."

"भीती होती?"

"आधी होती. मग नाही."

"ऐकू येतंय ना मी काय म्हणते ते?"

"हो."

"माझं नाव तरी आठवतं का?"

"मी काहीच विसरत नाही."

आम्ही तो भाग निदान दहा वेळा पाहिला असेल, पण त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की रिकाम्या खुर्चीत कॅप्टनने मागे सोडलेला खलाशी बसलेला आहे. किंवा निदान एल्सीबाईंनी तरी त्याला तिथे बसवला होता. टेप थांबली तेव्हा लायोनेलने नाक शिंकरलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नॉरिसला ते सहन होईना. "अहो, ही तर जत्रेतल्या ज्योतिषाची युक्ती झाली! उत्तरं इतकी मोघम आहेत की कुठलाही प्रश्न बसेल. लाव रे लायोनेल पुन्हा सुरुवातीपासून. मी विचारतो."

त्याने आपली खुर्ची ओढत टीव्हीसमोर नेली आणि पाय पसरून बसला. हातात अर्धी कचोरी होतीच.

"काय कॅप्टन, अंघोळ कधी केली होती?"

"गुरुवारी."

खोलीत हशा पिकला. मीही हसले.

"आज जेवायला काय आहे?"

"ते आम्हाला कोणी सांगितलं नाही."

लायोनेल हसून हसून खाली वाकला. नॉरिसने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न फेकला, "बरं, बोटीवर तुझ्याबरोबर कोण कोण आहे?"

बोट हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला असावा. आमच्या गावात सगळ्याच गोष्टी बोटीवर असतात.

"सतरा जण," कॅप्टन म्हणाला. "झोपलेत सगळे."

हसणं एकदम थांबलं नाही. एकेकाचं थांबत गेलं. नॉरिसचा धाकटा भाऊ क्लाइव्ह १९७१ च्या जानेवारीत आइसलंडच्या बाजूला मासेमारीच्या ट्रॉलरसकट बुडाला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोटीवर त्याच्यासकट अठरा माणसं होती. एकही सापडलं नाही, फळीसुद्धा नाही.

लायोनेलने टेप थांबवायला हात पुढे केला. नॉरिसने न बघताच त्याचं मनगट धरलं.  पुढची शांतता सात सेकंदांची होती आणि ती संपत आली होती.

"थंडी होती का रे?" त्याने विचारलं. हा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"आधी होती. मग नाही."

"मी पाठवलं म्हणून गेलास ना?"

कॅप्टन रेनिक सरळ कॅमेऱ्यात बघत होता. तो तिथे तसाच बघतो, दर वेळी, गेली अठरा वर्षं.

"हो."

नॉरिसचा हात लायोनेलच्या मनगटावरून गळून पडला. "विसरशील का रे ते?" तो पुटपुटला.

"मी काहीच विसरत नाही."

मी जाऊन प्लगच ओढला.

कुणीतरी पडदे उघडले. मग लायोनेल म्हणाला, "योगायोग आहे, नॉरिस. हा भाग अडुसष्ट सालचा. बोट गेली एकाहत्तरला. तेव्हा ते काही..." त्याने वाक्य सोडून दिलं. त्याला धीर द्यायचा होता, पण बोलता बोलता त्यालाच कळलं की यात धीर देण्यासारखं काही नाही.

एल्सीबाई वही मिटून बसल्या होत्या. जिना उतरताना मला म्हणाल्या, "लाईन जोडली की कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा, असा आमच्याकडे नियम होता. आज मी सगळ्या खोलीला ऐकायला बसवलं. चुकलं माझं."

नॉरिस रस्त्यावर माझी वाट पाहत उभा होता. धुक्यात त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. "एनिड, माझ्याबरोबर आईकडे चल. मला एकट्याला सांगता येणार नाही."

"काय सांगायचंय त्यांना? एका जुन्या मालिकेतल्या..."

"ती बोट एक माणूस कमी म्हणून अडली होती. क्लाइव्हची रजा चालू होती. त्याला मी घरी जाऊन उठवलं, यादीत नाव मी लिहिलं. पंधरा वर्षं हे मी तिला सांगितलेलं नाही." तो थांबला. "आज त्याने सांगून टाकलं."

त्याची आई, मिसेस ब्लेंकिन, गोदीमागच्या गल्लीत राहायच्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कानाने तीक्ष्ण, जिभेने त्याहून. आम्ही पोचलो तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. नॉरिसने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादीचं, रजेचं आणि मग टीव्हीचं, एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर. बाईंनी सोलणं थांबवलं नाही.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "शेवटी काय म्हणाला? नेमके शब्द सांग."

"मी काहीच विसरत नाही."

बाईंनी सुरी खाली ठेवली आणि चक्क हसल्या. "क्लाइव्ह? काहीच विसरत नाही? अरे, तो बूट घालायचं विसरून शाळेत गेलेला पोरगा! माझा वाढदिवस एकदा तरी लक्षात राहिला का त्याच्या? स्वतःच्या लग्नाला अंगठी घरी ठेवून गेला, तुलाच पळत यावं लागलं होतं."

नॉरिस एक पाऊल पुढे आला.

"आणि तू पाठवलंस म्हणून गेला, असं तो कधी म्हणणारच नाही. तुझ्या यादीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला गोदीची गुपितं ठाऊक असतात, तशी मलाही असतात. तो गेला कारण मी नको म्हणाले. चंद्रावर जाऊ नको म्हटलं असतं तर तिथेसुद्धा गेला असता."

नॉरिस खुर्चीत बसला आणि पन्नास वर्षांचा तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. आईने ओला हात त्याच्या टकलावर ठेवला, तसाच ठेवून दिला. मी खिडकीकडे वळले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

थोड्या वेळाने तो डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे तो क्लाइव्ह नव्हता."

"नव्हताच मुळी."

"मग कोण होता, आई?"

मिसेस ब्लेंकिन यांनी पुन्हा सुरी उचलली, पण बटाटा घेतला नाही. "ते मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "पण त्याला आकडा माहीत होता. आणि तुझ्या मनात काय सलतंय तेही माहीत होतं. ओळख ना पाळख, अशा कुणाला घरातलं विचारू नये, नॉरिस. आपल्याच माणसाचा आवाज आहे असं वाटतं आणि आपण दार उघडतो." मग माझ्याकडे वळून, अगदी वेगळ्या सुरात, "तू जेवून जाशील ना गं? कॉड मासा आहे."

मी जेवले. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मायलेकरं मात्र कितीतरी वेळ क्लाइव्हबद्दल बोलत होती, त्याच्या खोड्या, त्याचं गाणं, त्याची बायको पुढे कुठे गेली. नॉरिसने नंतर मला सांगितलं, की पंधरा वर्षांत त्या घरात क्लाइव्हचं नाव इतक्या वेळा निघालं नव्हतं.

डिसेंबरच्या बैठकीला मतदान झालं. नॉरिस येईल असं कुणालाच वाटत नव्हतं, पण तो आला, दाराशी बसला, आणि त्याची पाळी आली तेव्हा उभा राहिला. "रिकामी खुर्ची हा एकसष्टांतला सर्वांत उत्तम भाग आहे," तो म्हणाला. "कॅप्टनचं काम उत्तम आहे, शांतता उत्तम आहेत, भिंत हलते तीही चालेल. एल्सीबाईंचं म्हणणं मला मान्य. आणि माझं मत आहे की तो कुणी एकट्यानं बघू नये."

"मग वृत्तान्तात काय लिहू?" मी विचारलं. "चांगला की वाईट?"

"मी म्हणालो तेच लिही."

मी तेच लिहिलं. त्याची कुणी टर उडवली नाही.

मिसेस ब्लेंकिन पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. एल्सीबाई अजून येतात, नॉरिस त्यांना जिना चढायला हात देतो आणि वाटेत चिडवतोही. दूरदूरहून मालिकेचे नवे चाहते पत्रं लिहून त्या भागाची प्रत मागतात. मी कळवते की आमची टेप खराब झाली आहे. सबंध आयुष्य ग्रंथालयात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या बाईने असं खोटं बोलू नये, पण बोलते.

वर्षातून एकदा आम्ही तो लावतो, दिवसाउजेडी, पडदे उघडे ठेवून, सगळे जण मिळून. कॅप्टन रेनिक पांढऱ्या खोलीत बसलेला असतो आणि कॅमेऱ्याकडे बघत वाट पाहतो. चार सेकंद. सात. बारा. तेवढा वेळ आमच्या खोलीत कुणी साधं खोकतसुद्धा नाही.