सहाशे लिटरचा समुद्र

आमच्या घरात समुद्र आहे. सहा फूट लांब, सहाशे लिटरचा. तो खालच्या खोलीत राहतो, कारण भरल्यावर त्याचं वजन वरच्या मजल्याला पेलत नाही. त्यात दोन जोकर मासे, एक पिवळा मासा, दोन कोळंब्या, थोड्या गोगलगायी आणि कोरल आहेत. कोरलला प्रवाळ म्हटलेलं माझ्या नवऱ्याला खपत नाही. तो विमा कंपनीत अधिकारी आहे, पण पाहुण्यांपुढे स्वतःला रीफ-कीपर म्हणवतो. रोज सकाळी नऊ बाटल्यांतले थेंब टाकून पाण्यातला खार, चुना आणि आणखी काय काय मोजतो. मागे मला ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर सापडेना. तीन होते, तिन्ही टाकीत.

अशा घरी माझे बाबा राहायला आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सहा आठवडे जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. आमच्या खालच्या खोलीला लागूनच न्हाणीघर आहे. मी म्हटलं, टाकी शेजारच्या दिवाणखान्यात हलवू या. पोटचं पोर रस्त्यावर सोडायला सांगितल्यासारखा नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग तोडगा निघाला: बाबा टाकीच्या खोलीत राहतील, टाकीच्या अटींवर. अटींचा कागद दारावर चिकटला. पंखा लावायचा नाही, पाणी आटतं. अत्तर, फवारा चालणार नाही. निळा दिवा रात्री दहापर्यंत चालू राहील.

"हॉस्टेलला आलो म्हणायचं," बाबा हसले. त्यांनी चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले. घरघर ऐकत झोपायची त्यांना सवय होती.

आठवड्याने एक कोळंबी उताणी सापडली. मग गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या आणि कोरल सुकवलेल्या भाजीसारखं आकसलं. नवऱ्याने जेवण सोडलं. सकाळ-संध्याकाळ नऊच्या नऊ बाटल्या झाल्या, सगळे आकडे बरोबर. रीफवाल्यांच्या ग्रुपवर तीन दिवस खल चालला. कुणीतरी विचारलं, खोलीत नवीन काय आलंय? झालं! नवीन आले होते माझे बाबा, आणि बाबांसोबत गुडघ्याला लावायचा बाम. बामाची वाफ पाण्यात उतरते, असा निकाल लागला. दारावरच्या कागदावर एक अट वाढली.

बाबांनी बामाची बाटली माझ्या हातात दिली. त्यानंतर न्हाणीघरापर्यंतची सहा पावलं टाकताना ते दात आवळायचे. नवऱ्याची पाठ फिरली की मी त्याची नक्कल करून दाखवायची, कोळंबीच्या शोकसभेतलं भाषण वगैरे. बाबा हसायचे. मला वाटायचं, चला, माणसाचं मन तरी रमतंय.

एकदा नवरा टाकीखालचं कपाट उघडून बसला होता. पलंगावरून बाबांनी मान वाकवून आत पाहिलं.

"जावईबापू, त्या नळीला जोड पितळेचा आहे का?"

"तात्पुरता आहे, बाबा. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी प्लास्टिकचा गळायला लागला. बाथरूमच्या कामातला एक पडला होता, तो बसवला."

"खारट पाणी आहे. पितळेने कळकणार."

"बाबा, हा तुमचा विहिरीवरचा पंप नाही हो. ही इकोसिस्टीम आहे."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. आंबट-खारट पितळेत ठेवलं की कळकून विषारी होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

दुसरी कोळंबी गेली त्या दिवशी नवऱ्याने जेवताना विषय काढला. बाबांसाठी एखादं चांगलं शुश्रूषा केंद्र बघावं, तिथे काळजीही नीट घेतील. मी "बघू" म्हटलं. खालच्या खोलीचं दार उघडंच होतं.

शेवटी मासे विकणारा दुकानदार आला. त्याने बाटल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. कपाटात टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, पितळ? त्यातलं तांबं उतरतं पाण्यात. कोळंबी, कोरल, सगळ्यांना विष! तांबं तपासलं नाही?" जोडावर हिरवा थर चढला होता. नऊ बाटल्यांत तांब्याची बाटली नव्हती.

नवऱ्याने बाबांकडे पाहिलं नाही. पंप बंद करून तो ग्रुपवर लिहायला बसला: अथक निरीक्षणानंतर मला मूळ कारण सापडलं आहे. पंचेचाळीस अंगठे आले.

मी बामाची बाटली घेऊन खाली धावले. मला फार आनंद झाला होता, आता कुणी बाबांना हलवणार नव्हतं. बाबा बॅग भरत होते.

"टॅक्सी बोलावलीय. तिकडे शेजारच्या पोरांना सांगितलंय, खुर्चीत बसवून वर नेतील."

"आता कशाला, बाबा? सिद्ध झालं ना तुमचं!"

"माझं काय सिद्ध व्हायचंय? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." ते सदऱ्याची घडी घालत राहिले. "तो नाही ऐकणार, हेही माहीत होतं. तू बोलशील असं वाटलं होतं. पाठीमागे किती छान बोलतेस गं."

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मी त्यांची बॅग उचलली.

बाबा टॅक्सीत पाय लांब करून आडवे बसले. तेवढ्यात नवरा धावत आला. मला वाटलं, माफी मागतोय. त्याने खिडकीवर टकटक केलं.

"बाबा, प्लास्टिकचा जोड किती इंची आणू?"

"एक इंची," बाबा म्हणाले. "आणि दोन आण. एक जादा असू दे."

नवऱ्याने ते मोबाइलवर टिपून घेतलं. बाबांनी खिडकीची काच खालीच ठेवली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."