अर्धं पाऊल

"थांबा," मोठ्या परीक्षक बाई म्हणाल्या. हॉलच्या मध्यभागी कराटेची ठरलेली वळणं करून दाखवणारी ती थबकली, मूठ हवेतच राहिली. "तिसऱ्या वळणावर डावं पाऊल अर्धंच पडलं. का?"

"सरांनी असंच शिकवलंय."

बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. "दहा मिनिटांनी शिकवण्याची परीक्षा. तीही अशीच गेली, तर निकाल वेगळा सांगायला नको."

वरिष्ठ प्रशिक्षकाची ही परीक्षा चार वर्षांतून एकदा व्हायची. ती पार पडल्याशिवाय स्वतःचा कराटे वर्ग काढता येत नसे. सोळा वर्षं ती सरांच्या हाताखाली होती आणि दोनदा सरांनीच तिचा अर्ज मागे ठेवला होता. "पिकू दे जरा," म्हणाले होते.

पाण्याच्या टाकीपाशी भोंगा आला. तिच्याच वर्गातला, आवाजामुळे हे नाव पडलेला. आता मात्र तो कुजबुजत होता.

"ताई, आपल्या सगळ्यांचंच पाऊल अर्धं पडतं. बाकीच्या वर्गांचं बघ, कसं लांब, सणसणीत!"

"मग?"

"मग काय! तू पास होऊन वेगळा वर्ग काढलास तर सरांचे सकाळ-संध्याकाळचे वर्ग कोण घेणार? हातचं राखून शिकवलंय आपल्याला."

"गप रे."

गप म्हटलं खरं, पण बोलणं कुसळासारखं रुतलं. चालेल तसं आत आत जाऊ लागलं. सर भिंतीशी बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, पाऊल पूर्ण असतं हे तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडली, पुन्हा आवळली. "आधी परीक्षा दे."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"जा. बोलावतायत."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्यापासून नजर कधी चोरली नव्हती.

"तुमच्या वर्गातलं कोणीही निवडा," बाई म्हणाल्या, "आणि तेच पाऊल दुरुस्त करून दाखवा."

भोंगा अर्धा उठलाही होता.

"सर, तुम्ही या," ती म्हणाली.

हॉलमधली चुळबूळ थांबली. बाईंच्या भुवया वर गेल्या. सर भिंतीला हात लावून उठले, मध्यभागी आले, शिष्याने वाकावं तसे तिच्यापुढे वाकले. मग तिसरं वळण घेतलं. डावं पाऊल फरशीवरून सरकलं आणि अर्ध्यावर थांबलं.

"पूर्ण, सर."

पाऊल बोटभर पुढे गेलं.

"अजून." तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ते हलेनात, तेव्हा ती खाली बसली. एका हाताने त्यांची टाच धरली. दुसरा हात पोटरीवरून वर गेला आणि तिथेच अडला. पांढऱ्या विजारीखाली गुडघ्याला जाड पट्टा आवळलेला होता, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या, कडा धुऊन धुऊन उसवलेल्या. आतला गुडघा उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता.

"ओढ," सर ओठ न हलवता म्हणाले. "बघतायत ते."

तिने टाच सोडली.

"सापडली का चूक?" बाईंनी विचारलं.

"सापडली. माझी आहे. सोळा वर्षं सरांचं पाऊल नुसतं बघून बघून घेतलं. अर्धं का, ते विचारलं कधीच नाही."

ती सरांच्या शेजारी उभी राहिली. वळण घेतलं आणि आपलं डावं पाऊल टाकलं, पूर्ण.

बाईंनी पेन उचललं. सरांनी मात्र पाय मागे घेतला नाही. तिची पुढची सगळी वळणं होईपर्यंत ते तसेच, अर्ध्या पावलावर उभे राहिले.